शेवटी कोण होतं

१

ठेव माझ्यावर विश्वास. ठेवून दाखवच. यातला एक शब्द जरी तुला खरा वाटला, तर बटाट्याचं दुसरं धिरडं माझ्याकडून. वाटायचा नाही. टपालवाल्याला विचार, तो माझ्या हातून पत्रसुद्धा घेत नाही, म्हणतो म्हातारीनं आत काय भरलं असेल सांगता येत नाही. तेव्हा खुशाल हसत ऐक. हसू येतंय तोवर हस.

ह्वा-सुक नावाची बाई. वोन्जु शहरात तिचं कपडे धुण्याचं नि इस्त्रीचं दुकान. नवऱ्याचं नाव जे-हान. बोलायला कमी, कामाला वाघ, आणि हट्टी असा की घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं तर जेवायला बसायचा नाही. त्याला एकच नाद, सायकलचा. जाड टायरची, डोंगरात चालणारी. रविवारी पिवळी जाकिटं घालून त्याचं मंडळ ह्या दरीत यायचं, जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्यानं खिंडीपर्यंत चढायचं, पलीकडून उतरायचं आणि ह्याच माझ्या खाण्यापिण्याच्या दुकानात येऊन ढोसायचं.

डोंगरात माणसं मागं-पुढं होतात. म्हणून त्यांचा एक नियम होता. रस्ता फुटला की म्होरक्या थांबत नाही. त्याच्या मागचा पहिला गडी उतरतो, फाट्यावर उभा राहतो, बरोबर वाटेकडे हात करतो. बाकीचे त्याच्यासमोरून जातात. सगळ्यात मागून शेपूट येतं. शेपूट म्हणजे शेवटचा माणूस, सीटखाली लाल फडकं बांधलेला. त्यानं म्हणायचं, "मी शेवटचा. चल." एवढं ऐकलं की उभा असलेल्यानं सायकलवर बसायचं आणि शेपटाच्या पुढं निघायचं. ऐकल्याशिवाय हलायचं नाही. आमच्याकडच्या पुरुषांना हे शिकवावं लागत नाही. सगळ्यांनी पलटणीत पहारे दिलेत. बदली माणूस यायच्या आत जागा सोडली तर काय होतं, ते त्यांच्या पाठीला पाठ असतं.

मागच्या थंडीच्या तोंडाला, घरोघरी कोबीचं लोणचं, किमची, घालतात त्या दिवसांत, जे-हान असाच एका फाट्यावर उभा राहिला. वरच्या पाइनच्या झाडीत. धुकं आलं, मग पाऊस आला, बर्फ व्हायला निघालेला पाऊस. मंडळ इथं येऊन बसलं. हात शेकले, प्याले भरले. जे-हान नाही म्हटल्यावर कुणीतरी म्हणालं, सकाळी अध्यक्षांशी वाजलं होतं ना त्याचं, रागावून घरी गेला असेल. वर मोबाईलला रेंज नसते. ह्वा-सुक बहिणीकडे कोबीला मीठ चोळत होती. तिला वाटलं, प्यायला बसलाय.

दुसऱ्या दिवशी सापडला. फाट्यावरच होता, दगडावर बसलेला. एक हात पुढं केलेला होता, तो खाली घेता येईना. डॉक्टर म्हणाले, थंडीनं हृदय थांबलं.

आमच्याकडं मयत तीन दिवस चालतं, येणाऱ्यांना जेवू घालतात. ह्वा-सुक त्या तिन्ही दिवसांत रडली कमी आणि एकच गोष्ट विचारत राहिली. "त्या दिवशी शेवटी कोण होतं?"

मंडळाचे अध्यक्ष योम साहेब, टपालखात्यातून मोठे होऊन निवृत्त झालेले, दोन्ही हातांनी प्याला धरून म्हणाले, "वहिनी, धुकं होतं हो. कोण पुढं, कोण मागं, कुणाला कळत होतं?"

"लाल फडकं कुणाकडे होतं?"

"हृदय काय, घरी बसूनही बंद पडतं, वहिनी."

बाकीचे आपापल्या कढणाच्या वाडग्यात बघत होते. एक बोन-चिल तेवढा उठला, तिच्या पाठीमागं उशी सरकवली. हा बोन-चिल मंडळातला विदूषक, गोल चेहऱ्याचा, जे-हानचा जुना दोस्त. पुढंही तोच येत राहिला. तिच्या दुकानाचं अडकणारं शटर त्यानं नीट केलं. बॉयलर बघून दिला. येताना कधी रताळी आणली. "वहिनी, काही लागलं तर मध्यरात्री हाक मारा. मी जागाच असतो," म्हणायचा. आणि खरंच जागा दिसायचा. डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

वसंत आला तशी ह्वा-सुकनं नवऱ्याची सायकल बाहेर काढली. सीट खाली करायला बोन-चिललाच बोलावलं. आणि मंडळात नाव घातलं. कशाला? तेच विचारायला. दुकानात बसून उत्तर मिळत नव्हतं.

२

हंगामाच्या पहिल्या दिवशी सायकलींची पूजा असते. डोंगराच्या पायथ्याशी टेबल मांडतात, वर उकडलेलं डुकराचं मुंडकं, फळं, तांदळाच्या वड्या. सायकली ओळीनं लावतात, सगळे जमिनीला डोकं टेकतात आणि मग एकेका चाकावर तांदळाची दारू ओततात, वर्षभर पाडू नकोस म्हणून.

योम साहेबांनी कागद वाचला. आधी टायरच्या दुकानदाराचे आभार मानले, त्यानं हातमोजे दिले होते. मग नव्या जाकिटांबद्दल दोन शब्द. मग घसा साफ करून, "आणि आपल्यातून गेलेल्या जे-हानला डोंगरदेवानं जवळ करावं." पुढच्या ओळीला ब्रेक तपासून घ्यायची सूचना होती.

ह्वा-सुकनं ऐकून घेतलं. बोन-चिल तिच्या सायकलच्या चाकावर दारू ओतत चाकालाच म्हणाला, "पी बाई, पी. नवी मालकीण कडक आहे. पाडलंस तर इस्त्री फिरवेल."

ती हसली. हसली खरंच. आणि मग म्हणाली, "मी मागं राहते. लाल फडकं मला द्या."

"शेपूट व्हायचं म्हणजे जबाबदारी असते, वहिनी," योम साहेब म्हणाले.

"असते का?"

कुणाच्या तरी बुटाची नाडी सुटली, कुणाचं हेल्मेट घट्ट झालं. सगळ्यांना एकदम काम निघालं. बोन-चिलनं खिशातून लाल फडकं काढलं आणि तिच्या सीटखाली बांधलं. गाठ मारताना त्याला वेळ लागला.

चढ लागला तशी पिवळी जाकिटं एकेक करून वळणाआड गेली. ह्वा-सुक धापा टाकत मागं. सावलीत अजून बर्फ होतं, बाकी दिवस कोरडा, लखलखीत. पहिला फाटा खाणीचा. तिथं ग्योंग-जा हात करून उभी. ही लोणची-चटण्या विकणारी बाई, तोंडाला कुलूप नसलेली. "या राणीसाहेब, या! माझा हात गळाला!"

"मी शेवटची. चल, ताई."

ग्योंग-जा पुढं गेली. वाट सरळ झाली. दोन्ही बाजूंना झाडी, मधून पांढरा कच्चा रस्ता, ना फाटा ना फुटवा. आणि पुढं रस्त्याच्या कडेला एक जण उभा होता. पाठमोरा. पिवळं जाकीट, हेल्मेटवरून टोपी ओढलेली, हात खिंडीकडं केलेला.

ह्वा-सुकच्या छातीत दम नव्हता. डोळ्यांत घाम गेलेला. तिला एवढंच वाटलं, इथं कशाला उभं केलंय कुणाला, रस्ता तर सरळ आहे. त्याच्या बाजूनं जाताना सवयीनं तोंडातून निघालं, "मी शेवटची. चला."

डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला हात खाली येताना दिसला. हळूहळू, खूप वेळ धरलेला हात उतरतो तसा. हातमोज्यातून पाणी ठिबकत होतं.

आता नियमानं त्यानं तिला ओलांडून पुढं जायला हवं होतं.

कुणी ओलांडलं नाही.

३

इथं दुकानात सगळे बसले. धिरडी टाकली मी, टोफूचं कढण ठेवलं. जाकिटं खुर्च्यांवर. काचेवर वाफ धरलेली.

ह्वा-सुक म्हणाली, "आज फाटे किती धरले?"

"दोन," बोन-चिल म्हणाला. "खाणीवर ग्योंग-जा ताई, पुलावर अस्मादिक. का? मी नीट उभा नव्हतो? पोट आत घेतलं होतं मी."

"मधे, सरळ रस्त्याला कोण होतं?"

"सरळ रस्त्याला कोण कशाला उभं राहील?"

"उभा होता. पिवळं जाकीट होतं."

"पहिल्या चढाला मलाही दिसायचं काही काही," ग्योंग-जा म्हणाली. "मला तर सासू दिसली होती. तिथंही म्हणत होती मीठ कमी पडलंय."

टेबलभर हशा झाला. योम साहेबांचा तेवढा मधेच थांबला. ते म्हणाले, "जंगलखात्याचा माणूस असेल. ते पण पिवळं घालतात."

घालतात खरं. ह्वा-सुकनं मान हलवली. जंगलखात्याचा माणूस असेल, हात करून कुणाला तरी झाड दाखवत असेल. हातमोजा ओला कारण झऱ्यावर पाणी भरलं असेल. तिनं सगळं जागच्या जागी बसवलं, इस्त्रीचे कपडे रचतात तसं.

पण मग सगळे गप्प झाले, आणि ग्योंग-जाला गप्प बसवत नाही. त्यातून दोन प्याले झालेले. ती म्हणाली, "बोन-चिल, गुडघा कसा आहे रे तुझा? त्या दिवशी तू मधूनच डांबरी रस्ता धरलास ते शहाणपण केलंस. तू आधी पोचलास म्हणून आम्हाला आल्या आल्या गरम गरम…"

आणि थांबली.

बोन-चिल मान खाली घालून जेवायच्या काड्यांनी धिरड्याचे तुकडे करत होता. लहान, अजून लहान. मग ते सगळे त्यानं ह्वा-सुकच्या ताटात सरकवले.

"खा, वहिनी. गार होतंय."

ती उठून आत आली, माझ्या चुलीपाशी. दुकानातली म्हातारी मीच, दुसरी कोण इथं राहायला बसलीय. म्हणाली, "आजी, त्या दिवशी तुमच्या अंगणात पहिली सायकल कुणाची लागली?"

"बोन-चिलची."

"सीटखाली काही होतं?"

मी धिरडं उलटलं. म्हटलं, "लाल फडकं होतं."

तिनं माझ्या हातातून उलथनं घेतलं, ते धिरडं स्वतःच उतरवलं, बाहेर नेऊन बोन-चिलपुढं ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसून जेवली. त्या बाईच्या चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही. मला वाटतं, त्यातल्या निम्म्यांना तेव्हाच घाम फुटायला हवा होता.

४

परत जाताना तिला पहिल्यांदा ऐकू आलं.

उताराला पायडल थांबवलं की मागच्या चाकातलं फ्रीव्हील वाजतं. टिक टिक टिक टिक. सगळ्यांचंच वाजतं. जे-हानची सायकल जरा मोठ्यानं वाजायची, त्यात एक खोट होती, दर फेऱ्याला एक टिक गाळायची. ह्वा-सुक उतरत होती, खालून तिची टिकटिक येत होती आणि मागूनही येत होती. तशीच, एक टिक गाळलेली. डोंगरावर आवाज आपटून येतो, तिला माहीत होतं. बरोबरच आहे.

मग छोटा चढ आला. तिनं पायडल मारायला सुरुवात केली. पायडल मारलं की फ्रीव्हील गप्प होतं. तिचं गप्प झालं.

मागचं वाजत राहिलं.

चढावर पायडल न मारता येतंच कसं कुणाला, हे तिनं स्वतःला विचारलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. भीती वाटली म्हणून नव्हे, हे तिनंच मला नंतर सांगितलं. वळून पाहिलं आणि कुणी नसलं तर, असं वाटलं तिला.

त्या आठवड्यात मंडळाची जाकिटं तिच्याकडं धुवायला आली. धुतली, वाळवली, प्लास्टिक चढवून दांडीवर टांगली. तिचं दुकान म्हणजे बोळकांडं. पुढं इस्त्रीचं टेबल, मागं दांड्यांवर माणसाइतके कपडे, त्यांच्या मागं भिंतीशी सायकल. शटर ओढलं की आत फक्त बॉयलरचा सुस्कारा. ती योम साहेबांच्या पँटीला कडक घडी पाडत होती तेव्हा कपड्यांच्या मागून टिक झालं.

बॉयलर गार होताना वाजतो. तिनं इस्त्री फिरवली.

टिक टिक.

वाऱ्यानं चाक फिरत असेल. शटरखालून वारा येतो. ती उठली, कपडे बाजूला सारत गेली. प्लास्टिक अंगाला चिकटत होतं. पिवळ्या जाकिटांपाशी हात थांबला. एक जाकीट ओलं होतं. नुसतं दमट नाही, भिजलेलं, बर्फासारखं गार. तिनं बोटं काढून घेतली, हाताला पाइनचा वास आला. पलीकडं सायकल भिंतीशी उभी होती, मागचं चाक थांबायच्या बेतात हळूहळू फिरत होतं.

सकाळी तिनं सगळी जाकिटं पुन्हा चाचपली. कोरडी ठणठणीत. तिनंच कुठलं तरी मशीनमधून अर्धवट काढलं असेल, दुसरं काय. दिवसभरात विसरायला होतं असं काही. ती विसरली नाही. पण खरं सांगू? तिला बरं वाटू लागलं होतं. रविवारी ती मंडळामागून चढायची आणि तिच्यामागून ते यायचं, टिक टिक, एक गाळून. ती दमली की ते मंद व्हायचं. ती थांबली की थांबायचं. संसारात तो कधी तिच्यासाठी थांबला नव्हता, रस्त्यानंसुद्धा चार पावलं पुढंच चालायचा. आता मेल्यावर मागं राहायला शिकला, असं ती स्वतःशी म्हणायची आणि हसायची.

बोन-चिल शटर बघायला आला तेव्हा तिनं त्याला जवाचा चहा दिला. तो म्हणाला, "वहिनी, हल्ली तुमचा चेहरा उजळलाय."

"तुम्हाला झोप लागते का हो?" तिनं विचारलं.

त्यानं कप खाली ठेवला. "एक सांगायचं होतं, वहिनी. त्या दिवशी…" आणि कपात बघत बसला. ह्वा-सुक मनात म्हणत होती, सांग, मेल्या. सांगून टाक, एकदा तोंडानं म्हण, मग मी काय करायचं ते करीन, नाहीतर काहीच करणार नाही.

"त्या दिवशी धुकं फार होतं," तो म्हणाला आणि उठला.

५

मे महिन्यात एक रविवार असा उजाडला की सकाळीच ढग दरीत उतरून बसले. परत फिरावं का यावर खल झाला. योम साहेब म्हणाले, खिंडीवर ऊन असेल. निघाले.

खाणीच्या फाट्याच्या अलीकडं एक पायवाट खाली डांबरी रस्त्याला लागते. बकऱ्यांची वाट. सायकल हातात धरून उतरता येतं, आणि मग डांबरीनं थेट ह्या दुकानात. गुडघे दुखणाऱ्यांना ती ठाऊक असते.

ह्वा-सुक तिथवर आली आणि तिला खाणीच्या फाट्यावर पिवळं दिसलं. धुक्यात नुसता डाग. हात पसरलेला. मग खोकला ऐकू आला आणि तिला कळलं कोण उभा आहे ते. बोन-चिल. ह्यावेळी म्होरक्याच्या मागं तोच होता.

तिनं ब्रेक दाबला. ब्रेक किंचाळला.

"कोण? ह्वा-सुक वहिनी का?" त्यानं विचारलं.

ती बोलली नाही. तिच्यामागची टिकटिकही थांबली.

"वहिनी, तुम्हीच ना? या लवकर, इथं मरणाची थंडी आहे!" मग हसून म्हणाला, "शेपूट गळून पडलं की काय?"

तीन शब्द म्हणायचे होते. तोंडात तयार होते. तिनं सायकल हळूच वळवली आणि पायवाटेला लावली.

उतरताना दगड घरंगळले. वरून हाक आली, "वहिनी?" मग पुन्हा, जरा मोठ्यानं. तिसऱ्या हाकेत विनोद नव्हता. पण तो येणार नव्हता, हे तिला माहीत होतं. बघायला चार पावलंसुद्धा येणार नव्हता. फाट्यावरचा माणूस जागा सोडत नाही. आणि ह्या जागेचं मोल आता त्याच्याइतकं कुणाला कळत होतं?

तिला आनंद झाला. असा आनंद की दात वाजायला लागले.

डांबरी रस्त्याला लागल्यावर ती सायकलवर बसली. उतार होता, तिनं पाय थांबवले. खालून टिकटिक आली, एक गाळून. ती ऐकत राहिली. मग तिनं ब्रेक दाबून सायकल उभी केली आणि कान दिला.

मागं काही नव्हतं. ते तिच्याबरोबर वळलं नव्हतं. ते सरळ गेलं होतं.

६

बाकीचे पुढचे फाटे एकत्रच पार करून, कुणालाही उभं न करता, खिंडीवरून उतरून आले तेव्हा ती इथं, ह्या बाकावर, कढणाचा वाडगा घेऊन बसलेली होती. बाहेर पाऊस लागला होता.

"अरे, शेपूट आधी पोचलं?" योम साहेब हात चोळत म्हणाले. "बोन-चिल कुठाय?"

"घरी गेला असेल रागावून," ह्वा-सुक म्हणाली.

चुलीवरचं तेल तडतडत होतं. ग्योंग-जानं तिच्याकडं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. पण उठली नाही. योम साहेबांनी टोपी काढली, खुंटीला लावली, पुन्हा काढून हातात घेतली. काचेकडं पाहिलं. पाऊस जोरात होता. मग खाली बसले. "आजी, धिरडी टाका," म्हणाले. "गुडघा दुखला असेल त्याचा."

एकही जण उठला नाही बघ. मी धिरडी टाकली. तेही जेवू लागले. ह्वा-सुक एकेकाचं तोंड निरखून बघत होती. मागच्या वेळी ही तोंडं कशी दिसत असतील ते तिला बघायचं होतं, ते आता समोरच होतं. फक्त ती पण त्याच टेबलावर बसली होती.

मग दार उघडलं.

बोन-चिल. नखशिखांत भिजलेला, ओठ निळे, आणि हसत होता. "काय मेल्यांनो, मला टाकून जेवताय? अगं आजी, आधी पातेलंभर काहीतरी गरम दे!" तो शेगडीला चिकटला. "मला वाटलं मी गेलोच आज. हाका मारून घसा बसला. शेवटी आले आणि म्हणाले, 'मी शेवटचा. चल.' देवासारखे आले हो."

"कोण आलं?" योम साहेब म्हणाले.

"तुम्हीच ना? नाही? मग…" तो टेबलावरची तोंडं बघत गेला. एकेक करून. हसू तोंडावर होतं तसंच राहिलं, नुसतं त्यातलं सगळं निघून गेलं. "सगळे इथं आहात? मग माझ्यामागं कोण होतं? अंगणापर्यंत होते. फ्रीव्हील वाजत होतं. मी पुढं आणि ते मागं. धुक्यात तोंड कोण बघतं? सायकल अगदी वहिनींच्या सारखी. सीट तेवढी उंच होती."

योम साहेबांनी काड्या खाली ठेवल्या.

"रस्त्यात एकदाच बोलले," बोन-चिल म्हणाला. आता तो फक्त ह्वा-सुककडं बघत होता. "विचारलं, आज शेवटी कोण होतं?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं, वहिनी. तुमचं नाव सांगितलं." तो शेगडी सोडून पुढं आला. "त्या दिवशीचं विचारलं नाही हो. मी वाट बघत होतो, आता विचारतील, आता विचारतील. फक्त आजचं विचारलं."

काचेवर वाफ होती. वाफेपलीकडं, अंगणाच्या तोंडाशी, जिथं रस्ता वोन्जुला फुटतो, तिथं पिवळा डाग होता. उभा. त्यातून एक रेघ बाजूला निघालेली. सगळ्यांना दिसला. कारण सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या ताटात पाहिलं.

ह्वा-सुक उठली. कुणी तिला थांबवलं नाही, कुणी बरोबर आलं नाही. तिनं सायकल घेतली, पावसात हातानं ढकलत निघाली. मी दारात उभी होते. तिला त्याच्यासमोरूनच जायचं होतं, दुसरा रस्ता नाही. जवळ गेल्यावर ती थांबली. तिची पाठ होती माझ्याकडं, पण ओठ हलत असावेत, कारण मान हलत होती. ते तीन शब्द तिला म्हणायचे होते, त्याला तिथून हलवायला तेवढेच लागत होते. आणि म्हणता येईनात. कशी म्हणणार? मागं दुकान भरलेलं. ती शेवटची नव्हती. सकाळीच तिनं ते शेवटचं असणं सोडून दिलं होतं.

काय पाहिलं तिनं टोपीखाली, ते मला ठाऊक नाही. मला हात दिसला. पुढं केलेला, घराच्या दिशेनं, आणि थरथरत होता. दमलेला हात थरथरतो तसा, रागानं नव्हे.

ती खाली मान घालून त्याच्यासमोरून गेली. उतारावर सायकलवर बसली, पाय थांबवले. एकच टिकटिक गेली खाली, एक गाळत गाळत, आणि मग पावसात तीही ऐकू येईना.

दुसरी तिच्यामागून गेली नाही.

ती जिवंत आहे, दुकान चालवते. बोन-चिल पुन्हा सायकलवर बसला नाही, पण रात्री झोपतो म्हणे, ढाराढूर. मंडळ अजून येतं. आणि ह्वा-सुक येते, एकटीच, कुठल्याही वारी. दमून इथं बसते, बूट काढते, कढण घेते आणि हळूच विचारते, "आजी, माझ्यामागून कुणी आलं का?"

एवढं एक 'हो' माझ्याच्यानं म्हणवत नाही. कढण संपलं तुझं. जा आता.